काटा शून्यावर होता

११ एप्रिल

मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा, मामींची साखर, सगळ्याची चौकशी पुढच्या पत्रात करतो, राग मानू नका. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, आणि कागदावर सहीनिशी द्या. नवा एसी कारखान्यातूनच गॅस भरून येतो ना?

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइल तुम्ही हातात धरत नाही, म्हणून पत्र. आमच्या गल्लीतला बसचा कंडक्टर उद्या सकाळी तुमच्या स्टँडवर उतरेल, त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याच हाती द्या. नेटवर बघितलं तर एक म्हणतो भरलेला येतो, दुसरा म्हणतो रिकामा येतो, तिसरा म्हणतो पाइपाच्या लांबीवर आहे. आपल्याकडे तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढलेला सख्खा मामा असताना मी या उपटसुंभांचं का ऐकू?

प्रकरण असं. माझ्या एका मित्राने ओळखीच्या घरी नवा एसी बसवला. त्या घरात एक आजारी माणूस आहे आणि खोली थंड ठेवणं भाग आहे. मित्राने आतलं युनिट बसवलं, बाहेरचं बसवलं, पाइप जोडले, गॅसचा दाब दाखवणारं गेज लावलं. काटा शून्यावर! म्हणजे दुकानदाराने रिकामं यंत्र गळ्यात मारलं. मित्राने मग आपल्याजवळचा गॅस भरला. पंधरा मिनिटं झकास थंड, मग बाहेरचं युनिट गपकन बंद. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. काल दिवसभर हेच.

मित्र जरा तापट आहे. त्याने दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत दुकानदाराची कॉलर धरली आणि "गॅस खाल्लास कुठे, चोरा?" असं विचारलं. दुकानदार म्हणतो, यंत्र सीलबंद होतं, गॅस आतच होता. मग काटा शून्यावर का? तुम्ही दोनच ओळी लिहा: यंत्र भरूनच येतं, आणि काटा शून्यावर असेल तर कोणीतरी ते रिकामं केलंय. तुमचं नाव या धंद्यात सगळे ओळखतात. तो कागद मी त्याच्या तोंडावर मारतो. म्हणजे मित्र मारेल.

उद्याच उत्तर द्या. गरमी रोज वाढतेय.

तुमचा,
काडेपेटी

---

१२ एप्रिल

चि. काडेपेटीस,

गुडघ्यात नवी वाटी बसवलीये, दोन काठ्यांवर चालतो. मामीची साखर मामीपेक्षा जास्त बोलते. तू विचारलं नाहीस तरी सांगितलं.

आता उत्तर. हो, नवा एसी भरूनच येतो. गॅस असतो बाहेरच्या युनिटमध्ये, दोन व्हॉल्व्हच्या आड कोंडलेला. आतल्या युनिटात आणि तांब्याच्या पाइपात तो नसतो. पाइप जोडायचे, पंप लावून त्यातली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि मग ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, ते व्हॉल्व्ह उघडायचे. तेव्हा गॅस बाहेर येतो. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तरच वरून थोडा घालायचा, तोही वजन करून.

तुझ्या मित्राने गेज लावलं तेव्हा व्हॉल्व्ह उघडले होते का? माझी खात्री आहे की नव्हते. मग काटा शून्यावरच असणार. टाकीचा कॉक बंद ठेवायचा आणि नळाला पाणी नाही म्हणून टाकीवाल्याची कॉलर धरायची, असा हा प्रकार. दुकानदाराने काहीही खाल्लेलं नाही.

मित्राला चार गोष्टी विचार. एक, पंप लावून पाइप रिकामे केले का? दोन, आपला गॅस भरल्यावर मग व्हॉल्व्ह उघडले का? उघडले असतील तर यंत्राच्या पोटात दोन जेवणं गेलीत, ते धापा टाकून बंद पडणारच. तीन, बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि कारखान्यात भरलेलं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. ते वाचलं का? चार, सिलिंडरवर तेच नाव होतं का?

चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर यंत्र ताबडतोब बंद. मेन स्विच खाली.

आणि हा मित्र फारच तुझ्यासारखा आहे रे. तोही 'कॉलर' लिहिताना 'ल'वर इतका जोर देतो का, की कागद फाटावा?

मामा

---

१३ एप्रिल, संध्याकाळ

मामा,

मित्र नाही. मीच.

व्हॉल्व्ह बंद होते. आमच्या मिस्त्रींकडे मी तीन महिने काम करतोय, तिथे येतात ती सगळी जुनी यंत्रं. गॅस गेला, गळती झाली, म्हणूनच येतात. मी आजवर भरलेलं यंत्र पाहिलेलंच नाही. आलेलं यंत्र रिकामं असतं, गेज लावायचं, काटा शून्य, भरायचं. हात आपोआप तेच करत गेले. पंप लावला नाही. मिस्त्री गावाला गेलेत, दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे, पण पंप ते कपाटात ठेवतात. गेज आणि सिलिंडर न विचारता उचलून आणलं.

तुमचं पत्र वाचून मी तिच्या घरामागे जाऊन पाटी वाचली. नाव वेगळं आहे, मामा. सिलिंडरवर जुन्या यंत्रांचा गॅस. नळीचं तोंड बसत नव्हतं, तर मी दुसरी जोडणी लावून बसवलं. तेव्हा वाटलं, काय डोकं चालवलं!

'ती' म्हणजे माझ्याच वर्गातली. जिच्याबद्दल एक पोरगा घाणेरडं बोलला म्हणून मी प्रयोगशाळेत त्याच्या थोबाडीत मारली आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यात कॉलेजला रामराम ठोकला, तीच. तिने मला कधी मार म्हणून सांगितलं नव्हतं, हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल. तिचे वडील बांधकामावर क्रेन चालवायचे. तीन वर्षांपूर्वी वरून पडले. मान आणि पाठीच्या मधला कणा गेला, छातीखाली काही हलत नाही. आणि त्यांना घाम येत नाही, मामा. खोली तापली की ते तापतात. तो ताप गोळीने उतरत नाही, खोली थंड झाली की उतरतो. तिची आई ओले पंचे बदलत बसते. परवा एकशे दोन होता. त्या माणसाला चटका कळत नाही, घाम येत नाही, नुसते डोळे लाल होतात आणि ते म्हणतात, "पोरी, आज जरा जास्तच ऊन आहे का गं?" आणि खोलीत तर पडदे ओढलेले.

दोघींनी मिळून कसाबसा एसी आणला. दुकानातून सांगितलं, बसवायला आठ दिवस लागतील, दुकानदाराचा पुतण्या येऊन बसवेल. हा पुतण्या मोजमाप घ्यायला आला तेव्हा तिच्याशी काहीतरी बोलून हसला. तीही हसली. मामा, माझ्या टाळक्यात गेली. मी म्हणालो, "आठ दिवस कशाला? मी उद्या बसवतो. हे काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ." ती म्हणाली, "नक्की येतं तुला?" मी म्हणालो, "तीन महिन्यांत शंभर केलेत." शंभर पुसलेत मी, बसवलेला एकही नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय दुकानदार चोर आहे आणि मी तिच्यासाठी भांडलो. मामा, गेल्या दोन वर्षांत तिने पहिल्यांदा मला हाताने पाणी आणून दिलं. उद्या तिचा पेपर आहे. आता कसं सांगू? मी ठरवलंय, उद्या सकाळी जाऊन जास्तीचा गॅस हळूच सोडून देतो. चालायला लागलं की कोणाला कळणार आहे? किती सोडायचा तेवढं सांगा. काट्यावर किती ठेवू? तुमच्या पाया पडतो, एवढं सांगा.

काडेपेटी

---

१४ एप्रिल, दुपार

गाढवा,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. तुझी 'उद्या सकाळ' म्हणजे आजची सकाळ, ती गेली. शेजारच्या मुलीला तुझा नंबर लावायला सांगितला. तिने तीनदा लावला, तू उचलत नाहीस.

काही सोडायचं नाही. दोन गॅस पोटात मिसळले की त्यातला कुठला किती बाहेर गेला हे देवालाही कळत नाही. काट्यावर किती ठेवू म्हणून विचारतोस? कुठलाच आकडा खरा नाही. वर पाइपात हवा. आणि नव्या यंत्रातला गॅस पेट घेतो, हे तुला माहीत आहे का? ते यंत्र अर्धा तास चालेल आणि तुला वाटेल जमलं. तोच अर्धा तास घात करेल. न चालणाऱ्या यंत्राला माणूस भीत असतो. चालल्यासारखं दाखवणाऱ्यावर विसंबून झोपतो.

नळीचं तोंड बसत नव्हतं, तिथेच यंत्र तुला नाही म्हणत होतं. पण तुला नाही ऐकायची सवयच नाही.

मेन स्विच पाड. खिडक्या उघड्या ठेव, ओले पंचे, पंखा, जे आधी करत होत्या ते करू देत. मग तिला सांग. दुकानदाराच्या आधी तिला. मग दुकानात जा आणि ज्याची कॉलर धरलीस त्याला म्हण, माणूस पाठवा. हे काम त्याच्या पुतण्याचंच आहे. ते यंत्र पूर्ण रिकामं करून, धुऊन, पंप लावून, वजन करून भरावं लागेल.

तू मला निवडलंस कारण माझं नाव आहे. मग ऐक. मला ऐकू येत नाही ते कारखान्यातल्या आवाजाने, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. खरं असं की एक व्हॉल्व्ह मी चुकीचा बसवला होता आणि ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. चार दिवस गप्प बसलो, रविवारी सुट्टीत येऊन गुपचूप बदलू म्हणून. शनिवारी तो उडाला. माझे कान गेले. यंत्रांना तेल घालणाऱ्या तेलवाल्याचे डोळे गेले. चौकशीत यंत्र जुनं होतं असं निघालं. तुझ्या मामीलाही हे माहीत नाही. तो तेलवाला मला भेटला की आवाज ओळखून हात पुढे करतो. मला त्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

चूक झाली ती दहा तारखेला. त्यानंतरचा प्रत्येक दिवस चूक नाही, लबाडी आहे.

स्टँडपर्यंत दोन काठ्यांवर जातोय. साडेतीनची बस गाठायचीये.

मामा

---

१७ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र चौदाच्या संध्याकाळी आलं. तोवर होऊन गेलं होतं.

चौदाला सकाळी आठला मी गेलो. मागच्या बाजूने गॅस सोडला. अंदाजाने. तुम्ही म्हणालात तसंच झालं, अर्धा तास चाललं. खोली गार पडली. मी तिला म्हणालो, "झालं. आता बघायला नको." तिने खिडक्या लावून घेतल्या, वडिलांना पाणी पाजलं, फोन उशाशी ठेवला आणि पेपरला गेली. आई अकरा वाजता कामावर गेली. एरवी ती थांबली असती. मी नीट केलंय म्हणून गेली.

आणि मी कुठे होतो? मी केस विंचरून कॉलेजच्या फाटकाशी उभा होतो, तिचा पेपर सुटायची वाट बघत. फोन वाजत होता, अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही.

आम्ही दोघे बरोबर घरी आलो. रस्ताभर ती बोलत होती. मामा, मी इतका खूश होतो की मला लाज वाटते. तिने दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी झळ आली. वडील बोलत होते, पण भलतंच, क्रेनचा हूक खाली घ्या म्हणत होते. फोन उशावरून घसरून गादीच्या फटीत गेला होता. एकशे पाच. त्यांना उचलून मी आणि रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं. मी त्यांना धरलं तेव्हा माझा हात भाजल्यासारखा झाला आणि त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

बर्फाच्या पिशव्या, सलाइन. रात्रीचं काही सांगत नाही. पंधराला सकाळी डॉक्टर म्हणाले, अजून चोवीस तास काही बोलता येणार नाही. ती बाहेर आली, माझ्याशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "तू त्याची कॉलर धरलीस तेव्हा मी तुला रागावले होते. चुकलं माझं. बाबा उठू देत, त्या दुकानदाराला मी सोडणार नाही."

माझ्या तोंडून आजवर शिव्या भराभर निघाल्या, खरं कधी निघालं नाही. मग तुमची दोन्ही पत्रं खिशातून काढून तिच्या हातात दिली. तेलवाल्याचं त्यात आहे हे आठवलं, पण तेव्हा मला माझं सोडून काही दिसत नव्हतं. मला क्षमा करा.

तिने उभ्याने वाचली. दोनदा. मग विचारलं, "सकाळी गॅस सोडलास तेव्हा तुला माहीत होतं? पाटी वाचली होतीस?"

मी म्हणालो, "हो."

ती म्हणाली, "दहा तारखेचं मी विचारत नाही. चौदाचं विचारतेय."

मी म्हणालो, "हो."

तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने पत्रांच्या घड्या नीट घातल्या, आपल्या पर्समध्ये ठेवल्या आणि आत गेली.

मी दुकानात गेलो. तिथे सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी मोठ्याने सांगितलं, गॅस यांनी खाल्ला नव्हता, मला व्हॉल्व्ह उघडायची अक्कल नव्हती, एक माणूस माझ्यामुळे दवाखान्यात आहे. दुकानदार पुतण्याला म्हणाला, "पंप घे, वजनकाटा घे, चल." कॉलरचा विषयही काढला नाही. पुतण्याने मला पान्याला हात लावू दिला नाही. म्हणाला, "तू फक्त बघ आणि तोंड बंद ठेव." सगळा गॅस त्याने वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, पाइप धुतले, दीड तास पंप चालवला. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून पाटीवरच्या आकड्याइतके ग्रॅम मोजून भरले. निघताना म्हणाला, "कॉम्प्रेसर वाचलाय. नशीब त्यांचं, तुझं नाही."

मी काल मिस्त्रींना फोन करून गेज नि सिलिंडरचंही सांगितलं. त्यांनी कामावरून काढलं. बरोबर केलं.

वडिलांचं काय होईल मला माहीत नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसतो, वर जात नाही. नर्स येता-जाता सांगते, आज एकशे एक, आज डोळे उघडले. मामा, मी देवाला काही मागितलं की मला वाटतं, तो म्हणेल, तुझं सिलिंडर तपासून ये आधी. मला झोप नाही. ते वाचले नाहीत तर मी काय करू?

तुमचा

---

२६ एप्रिल

मामा,

तुमची-माझी ओळख नाही, तरी मामाच म्हणते. तुमची दोन पत्रं माझ्याकडे राहिली होती, ती यासोबत परत पाठवते. तेलवाल्याचं वाचलं. आईलाही सांगितलेलं नाही, सांगणार नाही. पण तुम्ही त्या तेलवाल्यांना सांगावं असं मला वाटतं. ते हात पुढे करतात म्हणता, तर त्यांना खरं माहीत असण्याचा हक्क आहे. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर माफ करा.

बाबा परवा घरी आले. बोलणं थोडं अडखळतं, डॉक्टर म्हणतात काही सुधारेल, काही राहील. ते मागे किती राहील हे कोणी सांगत नाही. खोली आता नीट थंड असते. दुकानदारांच्या पुतण्याने दोनदा येऊन तपासलं.

चौदा तारखेच्या पेपरात शीतयंत्रातल्या दाबाचाच प्रश्न होता. मी पूर्ण सोडवला, आकृतीसकट. घरी कुठलं यंत्र लावलंय, त्याची पाटी मीही वाचली नव्हती. हे मी त्याला सांगितलेलं नाही. त्याला तेवढाच आधार व्हायचा, आणि तो मला द्यायचा नाहीये.

बाबांनी त्याला माफ केलंय. ते म्हणतात, "क्रेनखाली उभं राहून वर बघणारे सगळेच म्हणतात, सोपं आहे. त्याने निदान येऊन सांगितलं." मी माफ केलेलं नाही. तो रोज येतो, कोपऱ्यावर उभा राहतो, घरात येत नाही. गल्लीतले लोक मला विचारतात. आई त्याला पाणी नेऊन देते, मी नेत नाही. तो वाळलाय. काल त्याच्याकडे बघून मला रडू आलं, आणि मग त्याचा आणखी राग आला.

तर माझी विनंती अशी. त्याला तुमच्याकडे बोलावून घ्या. तो माझं ऐकणार नाही, मी जा म्हटलं की आणखी जवळ उभा राहील. तुमचं ऐकेल. तुमचा गुडघा दुखतो, त्याला तुमच्या हाताखाली घ्या. त्याला व्हॉल्व्ह, पंप, वजन, सगळं पहिल्यापासून शिकवा. आणि नाही म्हटलेलं ऐकायलाही शिकवा. घाई करू नका, एक वर्ष लागो, दोन लागोत. पूर्ण शिकवून मगच परत पाठवा.

'परत' हा शब्द माझ्या हातून लिहिला गेलाय. खोडणार होते. पण पेन गळतंय, खोडलं तर शाई पसरून सगळं पानच खराब होईल, म्हणून राहू दिलाय.

आपली,
त्याच्या वर्गातली